मच्छेचे चौदा कागद

८ नोव्हेंबर १९८३, मंगळवार. वडगाव, बेळगाव.

काल जांबोटीहून परतलो. दिवाळी अक्काताईच्या माहेरी करायची, हा आमचा बारा वर्षांचा रिवाज. तिथली हवा मला मानवते. पिशव्या उतरवता उतरवता अक्काताई म्हणाली, "हवा वडगावातबी हाय. जांबोटीत फटाकं न्हाईत, एवढंच." बायकोला प्रत्येक गोष्टीत काहीतरी उकरायचंच असतं.

आज दुपारी एक डॉक्टरीणबाई दारात उभी. वय फार तर तीस, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. नाव अंगडी. मनाच्या दुखण्याची डॉक्टर म्हणे. मराठी बोलते, पण कानडी हेल काही लपत नाही. तिनं सांगितलं ते असं: लढाई बघून आलेल्या माणसाला पुढं दहा-वीस वर्षांनीही झोप येत नाही, आवाजाला दचकतो, घरच्यांवर उखडतो. हे एक दुखणंच आहे असं परदेशातल्या डॉक्टरांनी आता पुस्तकात घातलंय. ते ओळखायला वीस प्रश्नांचा एक कागद आहे. ज्याचा त्यानं भरायचा, होय किंवा नाही. आठ किंवा जास्त होय आले तर दुखणं आहे असं धरायचं.

मी म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही. फौजी माणसं आहेत ती."

"मग कागद तसं सांगेल," बाई म्हणाली. "मला माणसं तपासायची नाहीत, सुभेदार. मला कागद तपासायचाय. तो खरं बोलतो की खोटं."

म्हणजे आधी प्रत्येकानं कागद भरायचा. मग तो न बघता बाई त्या माणसाशी तासभर बोलणार आणि दुखणं आहे की नाही ते आपल्या मनानं ठरवणार. नंतर दोन्ही ताडून बघायचं. अशी चाळीस माणसं हवीत. निपाणीकडची सव्वीस तिची ती बघणार आहे, मच्छे गावची चौदा मी गोळा करायची. प्रश्न मराठीत करायचे तेही मीच.

बाईची जीभ म्हणजे विळीचं पातं. वाटेला लावणार होतो. पण जाता जाता म्हणाली, "तुम्ही चांगलं लिहिता असं ऐकलं." माझी शाळा चौथीत सुटली. पलटणीत रोमन अक्षरं शिकलो आणि मराठी शिकलो ते घरी आल्यावर, पुड्याच्या कागदांवरून. आजवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. हो म्हणून बसलो.

१४ नोव्हेंबर, सोमवार.

एकोणीस प्रश्न तीन दिवसांत झाले. एकट्या चौथ्या प्रश्नाला दोन दिवस गेले. तो असा: "लढाईतली एखादी गोष्ट, नको असताना, परत परत आठवते काय?" सोपा प्रश्न आहे. तरी लिहिला, खोडला, लिहिला. अक्काताई निवडायला तांदूळ घेऊन समोर बसलेली. म्हणाली, "एका वळीला दोन दिस? म्या पोतंभर तांदूळ निवडलं असतं."

डोकं चालत नव्हतं. परवा रात्री करंट गेला होता, त्याचा हा परिणाम. आमच्या शेजारचा यंत्रमाग रात्रपाळीला असतो. पाहुणे विचारतात, ह्या खटखटीत तुम्ही निजता कसे? मला तो चालू असला तरच झोप लागते. करंट जाऊन माग थांबला की टक्कन जाग येते आणि उठून बसतो. सवय, दुसरं काय.

बाईनं ताकीद दिली आहे: प्रत्येकाला वेगळं बसवायचं, कुणी कुणाचं बघायचं नाही, आणि मी जवळ उभं राहायचं नाही. जसं काय आम्ही शाळेतली पोरं आणि ही बाई तपासनीस.

२० नोव्हेंबर, रविवार.

मच्छेला तालमीत चौदा जण जमले. चौदाच्या चौदा माझ्या हाताखालचे, एकाच कंपनीतले. राम राम साब, राम राम साब झालं. कागद काढले तसा सगळ्यांचा नूर पालटला.

भीमाप्पा हवालदार सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत तोंडाळ. म्हणाला, "साब, ह्यो कानडी सरकारचा डाव हाय. मराठी फौजी येडं हाईत म्हणून लिवून घ्याचं. मग येड्यास्नी कुठलं राज्य पायजे ते इचारायची गरजच न्हाय."

सगळे हसले. ते हसणं बरं नव्हतं.

बाईच्या हुकुमाप्रमाणं चौघांना चार कोपऱ्यांत बसवून बघितलं. पेन्सिलीला कुणी हात लावेना. मष्णू नायक हाताची घडी घालून म्हणाला, "एकट्याला बाजूला घिऊन कागद दित्यात, ती चार्जशीट असती साब." मष्णू इथल्याच एका कारखान्याच्या गेटावर पहारेकरी आहे. बाराबोअरची बंदूक, लायसन त्याच्या नावाचं. पलटणीतनं आल्यावर बंदूक आणि शिस्त एवढंच तर आमच्याकडं विकण्यासारखं उरतं.

त्याचं म्हणणं मला पटलं. फौजीला एकटं पाडून विचारलं तर तो दगड होतो. ही गोष्ट पुस्तकातल्या बाईला कुठनं कळणार? मग मी आपली रीत काढली. हुद्द्याप्रमाणं सगळ्यांना एका रांगेत बसवलं. म्हटलं, मी आधी भरतो, मोठ्यानं भरतो. ऐका, आणि मग आपापलं सांगा.

पहिला प्रश्न, झोपेचा. मी म्हटलं, "नाही, तक्रार नाही." भीमाप्पा म्हणाला, "न्हाय." मग नायक, लान्सनायक, शिपाई. परेडवर गिनती करावी तसं शेवटपर्यंत, न्हाय, न्हाय, न्हाय. दुसरा तसाच, तिसराही. चौथा मला दोनदा वाचावा लागला. तालमीतली तांबडी माती उडत होती. मी नाही म्हटलं.

गिनती मष्णूपाशी येऊन थांबली. तो माझ्याकडं बघत होता.

"तुमचं काय साब?"

"सांगितलं की. नाही."

"मग माझंबी न्हाय," तो म्हणाला आणि पुन्हा वर बघितलं नाही.

पंचवीस मिनिटांत काम फत्ते. चौदा कागद, एकावरही खाडाखोड नाही. माझा कागद गिनतीत धरायचा नव्हता, तो घडी करून ह्या डायरीत ठेवला आहे.

४ डिसेंबर, रविवार.

मष्णूची बायको सोनुबाई आली होती. मच्छेहून बसनं, मेथीच्या चार पेंड्या घेऊन. माझ्यासमोर कधी तोंड वर न करणारी बाई आज उंबऱ्यातच बोलायला लागली.

"आण्णा, त्यो निजत न्हाय. बंदूक मांडीवर घिऊन बसतोय. पाणी द्यायला गेले तरी आधी नाव सांगायचं, मग जवळ जायाचं. माझ्याच घरात मी माझं नाव सांगती."

मी म्हटलं, पहाऱ्याची नोकरी, तशी सवय लागते.

"आन हाक मारलेली चालत न्हाय त्याला. कुणी लांबनं हाक मारली की थरथरतोय. पोरीला सांगून ठेवलंय, शेतातनं आईला हाक मारायची न्हाय, जवळ यायाचं आन बोलायचं. तुमच्या शब्दाभाईर त्यो न्हाय, आण्णा. बाईंनी परवा तासभर इचारलं, त्यो भितीकडं बघून न्हाय म्हणून आला. त्याला खरं बोल म्हणून सांगा."

"त्यानं कागदावर नाही लिहिलंय, सोनुबाई."

"त्यानं लिवलं, का तुमी?"

मला राग आला. तिला बजावलं, की बाई, बंदूक ही तुझ्या घरची भाकरी आहे. डॉक्टरीण उद्या काहीबाही लिहील आणि लायसन जाईल. मग कोण ठेवतो त्याला कामावर? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिनं पिशवी उचलली. "त्या मुठीत माझी पोर हाय, आण्णा," म्हणाली आणि गेली. मेथी तेवढी ठेवून गेली.

अक्काताई मेथी निवडत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती नाव सांगून जवळ जाती. मी बारा वर्सं जोडवी वाजवत येते. माझं बरं हाय म्हणायचं." मी विचारलं, म्हणजे काय? ती देठं मोडत राहिली.

११ डिसेंबर.

करंट नव्हता. माग बंद. लिहिण्यासारखं काही नाही.

१९ डिसेंबर, सोमवार.

आज त्या बाईशी भांडण झालं. पुन्हा ह्या घराची पायरी चढू नका असं तोंडावर सांगितलं. बरं केलं.

आली ती बाहेरच्या सोप्यात बसली आणि चौदा कागद जमिनीवर पापड वाळत घालावेत तसे मांडले. म्हणाली, "मोजा."

"काय मोजू?"

"दोनशे ऐंशी उत्तरं आहेत. दोनशे ऐंशी नाही. निपाणीकडच्या सव्वीस जणांत अकरा आठाच्या वर गेले. इथं चौदा जणांत डासामुळं झोप मोडली असंसुद्धा कुणाला होत नाही?"

"आमची माणसं धट्टीकट्टी आहेत."

"सुभेदार, हे चौदा माणसांचे कागद नाहीत. हा एकाच माणसाचा कागद आहे, चौदा वेळा लिहिलेला. तो माणूस कोण?"

मी म्हटलं, तुम्ही तासतासभर बोललात ना त्यांच्याशी? त्यात काय निघालं?

"तेच निघालं. भिंतीकडं बघून नाही. एका शब्दाचा फरक नाही. म्हणजे कागद आणि माझं बोलणं जुळलं. बाहेरचा म्हणेल, कागद सोळा आणे खरा. एक खोटं दुसऱ्या खोट्याची साक्ष काढतंय, आणि खाली माझी सही आहे."

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही पुस्तकं वाचून आलात, आम्ही माणसं बघून आलोय. परदेशातलं दुखणं आमच्या अंगाला चिकटवायला बघता आणि चिकटलं नाही म्हणून चिडता. सव्वीस जण आपलं रडगाणं कागदावर घालतात, ते खरे. चौदा जण सहन करतात, ते खोटे. हा कुठला न्याय?

तिनं कागद गोळा केले. "तुमचा कागद कुठंय?"

"माझा गिनतीत नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून गेली.

अक्काताईनं तो कप उचलला आणि मोरीत ओतला. इतक्या जोरात, की मी दचकलो. कुणी जोरात काही केलं की माणूस दचकणारच.

५ जानेवारी १९८४, गुरुवार.

भीमाप्पा सकाळी सायकल हाणत आला. घामाघूम.

काल दिवेलागणीला कारखान्याच्या कुंपणाबाहेर एक लॉरी नाल्यात कलंडली. ड्रायव्हरचा पाय अडकला. तो आतनं ओरडायला लागला, कुणीतरी या रे, मला काढा रे. मष्णू गेटावर होता. तो गेला नाही. जागेवरनंच ओरडला, "गप बस. आवाज बंद कर." तीनदा ओरडला म्हणे. तो बिचारा अडकलेला, त्यानं आणखी जोरात हाका मारल्या. मष्णूनं बंदूक झाडली. दोन्ही बार.

लॉरीची काच फुटली. ड्रायव्हरच्या कानाला छर्रा चाटून गेला. जीव वाचला, त्याचाही आणि मष्णूचाही. बंदूक जप्त आहे. जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणून गुन्हा घातला आहे. काल रात्रभर आत होता, आज जामिनावर सुटेल.

भीमाप्पा म्हणाला, "फौजदार म्हणतोय, डोक्याचा डाक्टर आजारी हाय म्हणून लिवून दिल तर गोष्ट येगळी. त्या बाईचा कागद हाय न्हवं साब आपल्याकडं?"

आहे. त्या कागदावर वीस वेळा नाही आहे.

८ जानेवारी, रविवार.

मच्छेला गेलो. सोनुबाईनं पाट टाकला, पण बोलली नाही. मष्णू परसात पाठ भिंतीला टेकून बसलेला. मी वीस पावलांवर थांबलो आणि म्हटलं, "मी सुभेदार चौगुले." का म्हटलं कुणास ठाऊक, पण म्हटलं.

"या साब. शाबासकी द्याला आलाय?"

मी म्हटलं, बाईंकडं चल. खरं काय ते सांग. तुझी केस सुटेल.

"कुठलं खरं? तुमी म्हणलेलं का माझं?" तो हसला. "साब, त्या दिशी चवथ्या प्रश्नाला म्या तुमाला इचारलं. मुद्दाम इचारलं. मला वाटलं, साब व्हय म्हणतील. तुमी न्हाय म्हणला. तवा मला कळलं, की सगळ्यांनी आयकलं आन सगळे इसरले. एकट्या माझ्याच कानात ऱ्हायलंय. म्हंजे डोकं फिरलंय ते माझं एकट्याचं."



"आता जावा," तो म्हणाला. बारा वर्षांत मला जावा म्हणणारा तो पहिला.

इथं लिहितो. इथं नाही लिहिलं तर कुठंच लिहिणार नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. डिसेंबरची अकरा तारीख. पूर्वेकडं एका नाल्याच्या अलीकडं आम्ही अडकलो होतो, पलीकडं त्यांची मशीनगन. शामू लान्सनायक नाल्यापलीकडं पडला. मष्णूच्याच गल्लीतला, त्याच्याबरोबर भरती झालेला. शामूचा पाय गेला होता. तो हाका मारू लागला. मष्णू उठला. मी त्याचा पट्टा धरून खाली ओढला आणि हुकूम दिला, कुणी हलायचं नाही. जो गेला असता तो मेला असता. हुकूम बरोबर होता. वरच्या साहेबांनीही तेच म्हटलं. पहाटेपर्यंत हाका चालू होत्या. मग थांबल्या. थांबल्या तेव्हा मी टक्कन उठून बसलो.

शामूच्या घरी मी सांगितलं, की तो आईचं नाव घेत होता.

९ जानेवारी, सोमवार.

बेळगावात त्या बाईच्या खोलीवर गेलो. पायरी चढू नका म्हणणारा मी, तिची पायरी चढलो. तिनं बसा म्हटलं नाही. मीही बसलो नाही.

मष्णूचं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या सहीचा कागद आहे, की ह्या माणसाला काही दुखणं नाही. आता उलटं लिहिलं तर वकील विचारणार, बाई, खोटं कधी लिहिलंत, तेव्हा की आता?"

"मग?"

"तो येऊन बोलला पाहिजे. खरोखर बोलला पाहिजे. माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही बोलल्याशिवाय तो बोलणार नाही. तुमच्यात तोंड हुद्द्याप्रमाणं उघडतं, हे मला तुम्हीच शिकवलंत." मग म्हणाली, "त्याची बायको परवाच येऊन गेली. नाव सांगून जवळ जाते म्हणाली. मी तासभर त्या माणसासमोर बसले होते आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक काही तुमच्या एकट्याची नाही."

तिच्याकडनं हे ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन अक्काताईला म्हटलं, रविवारी पुन्हा मच्छेला जायचंय. ती म्हणाली, "ह्या खेपंला काय सांगणार?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू न्हवं. मलाच आधी सांगा. मग तितं सांगायला सोपं जाईल."

तिला सांगितलं. ती रडली नाही. "आईचं नाव घेत हुता, असं तुमी झोपंत कधीच म्हणत न्हाई," एवढंच म्हणाली.

१५ जानेवारी, रविवार.

तीच तालीम, तीच रांग. चौदाही आले. मष्णू येईल असं वाटलं नव्हतं, पण सोनुबाई त्याला दारापर्यंत घेऊन आली आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली.

मी म्हटलं, मागच्या खेपेला मी खोटं बोललो. आज पुन्हा भरतो.

भीमाप्पा उखडला. "साब, मागल्या बारीला न्हाय म्हणा म्हणला, म्हणलो. आता व्हय म्हणा म्हणताय. उद्या नाचा म्हणशीला."

"तू तुझं सांग, भीमा. मी माझं सांगतो."

"एका मष्णूपायी समद्या पलटणीला येडं करायलाय तुमी. माझ्या पोराचं लगीन जमायलंय. मुलीकडच्यांनी आयकलं तर?" तो उठला, रांगेसमोर उभा राहिला. "सुभेदार म्हातारं झालं. चला रं, कोण येतोय?" कुणी उठलं नाही. तो एकटाच गेला. जाताना नेहमीसारखा रामराम घातला नाही.

पहिला प्रश्न. मी म्हटलं, "होय. माग थांबला की जागा होतो, मग उजाडेपर्यंत बसतो." दुसरा, "होय. दिवाळीत जांबोटीला पळतो." तिसरा, होय. रांगेतलं कुणी बोलेना. माझी उत्तरं तालमीत अशी पडत होती, जशी कुणी एकेक वीट टाकतंय.

चौथा. मी शामूचं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, हुकुमासकट सांगितलं. शेवटी म्हटलं, तो आईला हाका मारत होता असं मी त्याच्या घरी—

"खोटं," मष्णू म्हणाला. बसल्या जागेवरनं, सावकाश. "त्यो तुमाला हाक मारत हुता. चौगुले साब, चौगुले साब. उजाडूस्तवर."

"ठाऊक हाय मला, मष्णू."

त्यानं वर बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमीबी आयकलं."

"सगळं ऐकलं."

"माझं लिवा," तो म्हणाला. "चवथा, व्हय."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझाबी." मग गिनती सुरू झाली. कुणी मोठ्यानं, कुणी पुटपुटत. एका शिपायाला सगळ्यांदेखत उलटी झाली. शामूचा चुलता बाहेरनं ऐकत होता, हे मला मागाहून कळलं. तो आत आला, माझ्या पायाशी थुंकला आणि गेला. त्याचं बरोबर आहे.

२४ जानेवारी, मंगळवार.

बाईकडं गेलो. तेरा कागद दिले. तिनं तिथंच मोजले. नऊ जण आठाच्या वर.

मी म्हटलं, "आता जुळलं ना?"

"नाही," ती म्हणाली. "हेही बाद."



"मागच्या खेपेला तुमचं नाही, सगळ्यांचं नाही. या खेपेला तुमचं होय, सगळ्यांचं होय. ह्यातलं खरं कुठलं आणि तुमच्या मागं आलेलं कुठलं, हे मला कसं कळावं? मच्छेचे सगळेच्या सगळे वगळते. अहवालात एवढं मात्र लिहिणार, की कागद भरताना वरचा माणूस खोलीत नसावा. गावाचं नाव घालत नाही."

म्हणजे दोन महिने, दोन खेपा, सत्तावीस कागद, आणि हाती शून्य. संतापानं कानशिलं तापली. पण ती खरं बोलत होती, हे कळत होतं.

मष्णू परवा तिच्याकडं अडीच तास बसला होता. तिनं जुना कागद फाडला नाही. त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं, की ही तपासणी चुकली, का चुकली, आणि खाली पुन्हा सही केली. केस उभी राहील ती राहीलच. बंदूक परत मिळणार नाही, गेटाची नोकरी तर गेलीच. सोनुबाई माझ्याशी अजून बोलत नाही. भीमाप्पा रस्ता बदलतो.

मी निघालो तशी बाईनं एक कोरा कागद पुढं केला. "तुमचा."

"तालमीत भरला की. तेरा जणांसमोर."

"तो सुभेदारानं भरला. ती ड्युटी होती."

शेजारच्या खोलीत टेबल, खुर्ची, पेन्सिल. तिनं दार ओढून घेतलं. मी डायरीतला जुना कागद काढून शेजारी ठेवला, वीस वेळा नाही लिहिलेला. पुढं कुणी वरचा नव्हता, मागं कुणी खालचा नव्हता. प्रश्न माझेच, अक्षर माझं. पहिला: झोप मोडते काय? पेन्सिल हातात धरली आणि बसून राहिलो. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. दार वाजलं नाही. बाहेरूनच आवाज आला, हळू.

"सुभेदार, मी अंगडी. आत येऊ?"

मी म्हटलं, "या. पण मी अजून पहिल्यावरच आहे."